काळ्या पट्ट्या आणि चित्राचं खरं माप



नवा मोठा टीव्ही घरात आला की पहिल्या आठवड्यात एक तक्रार ठरलेली असते. "एवढे पैसे मोजले, आणि चित्र मात्र मधेच! दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या!" मग घरातलं कुणीतरी रिमोट हातात घेतं, दोन-चार बटणं दाबतं आणि पट्ट्या गायब होतात. सगळ्यांना बरं वाटतं. पण जरा निरखून पाहिलं की लक्षात येतं, बातम्या देणाऱ्या बाईंचे गाल फुगलेत, गाडीचं चाक अंड्यासारखं झालंय, आणि मालिकेतली सडपातळ सून एका रात्रीत जाड झालीय.

मला आज एवढंच सांगायचं आहे, की काळी पट्टी हा टीव्हीचा बिघाड नाही. चित्र ताणलं जाणं हा खरा बिघाड आहे. हे नीट समजायचं तर एकशे तीस वर्षं मागे जावं लागतं. मी काही इंजिनिअर नाही, कॉमर्सवाली आहे. पण हा सगळा मामला शेवटी गुणोत्तर-प्रमाणाचा आहे आणि पाककृती दुप्पट-तिप्पट करणाऱ्या आपणा सगळ्यांना तो रोजचाच आहे.

एक इंच रुंद, पाऊण इंच उंच

चित्राची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराला अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणतात. त्याची सुरुवात अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत झाली. १८९२ च्या सुमारास तिथले विल्यम डिक्सन चलच्चित्रांचे प्रयोग करत होते. त्यांनी ईस्टमनची सत्तर मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध उभी चिरून पस्तीस मिलिमीटरची पट्टी केली. ती यंत्रात सरकावी म्हणून दोन्ही कडांना भोकं पाडली आणि एका चित्राला चार भोकं असा हिशेब ठेवला. त्यातून जी चौकट तयार झाली ती साधारण एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच. म्हणजेच ४:३, किंवा १.३३.

हे माप काही शास्त्र्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. हातात असलेल्या फिल्मच्या रुंदीतून ते आलं आणि जगभर रुजलं. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, त्यातही पस्तीस मिलिमीटरचीच पट्टी चालायची. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्याच चौकटीत घडला.

पुढे बोलपट आले. आपल्याकडे १९३१ साली 'आलम आरा' आला. आवाजाची रेघ त्याच फिल्मच्या कडेला छापायची, म्हणून चित्राची रुंदी थोडी कमी झाली. मग १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीने उंचीही थोडी कमी करून १.३७ हे प्रमाण ठरवून दिलं. डोळ्यांना फरक जाणवू नये इतकं ते जुन्या मापाच्या जवळ होतं. कोल्हापुरात 'प्रभात'ने केलेला १९३२ चा 'अयोध्येचा राजा' घ्या किंवा कंपनी पुण्याला गेल्यावरचा १९३६ चा 'संत तुकाराम' घ्या, हे चित्रपट थोड्याफार फरकाने याच जवळजवळ चौकोनी खिडकीतून आपल्याला दिसतात. म्हणून आज रुंद टीव्हीवर 'संत तुकाराम' लावला आणि बाजूला पट्ट्या आल्या, तर टीव्ही आपलं काम चोख करतोय असं समजावं.

टीव्ही आला आणि सिनेमा रुंद झाला

टीव्हीने सुरुवातीला सिनेमाचंच ४:३ माप घेतलं. सिनेमे घरी दाखवायचे तर ते सोयीचं होतं आणि काचेच्या नळीलाही जवळजवळ चौकोनी चित्र मानवत होतं. आपल्या देशात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईचं केंद्र आलं आणि १९८२ साली रंग आला. या सगळ्या प्रवासात चौकट तीच राहिली. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, ते हेच ४:३ चं चित्र पाहण्यासाठी.

अमेरिकेत मात्र १९५० नंतर घरोघर टीव्ही पोचला आणि थिएटरं रिकामी पडू लागली. घरी फुकट मिळतं त्याच आकाराचं चित्र पाहायला तिकीट काढून कोण येणार? मग सिनेमावाल्यांनी घरात मावणार नाही असं चित्र दाखवायचं ठरवलं. सप्टेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कला 'सिनेरामा' सुरू झाला. तीन प्रोजेक्टर, एक प्रचंड वक्र पडदा आणि अडीच पटींहून रुंद चित्र. ते डोळे दिपवणारं होतं, पण तीन यंत्रं एकसाथ चालवण्याचा खर्च गावोगावच्या थिएटरांना झेपण्यासारखा नव्हता.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५३ मध्ये, ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सने 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. त्यामागची युक्ती फ्रान्सच्या आंरी क्रेत्यां यांनी १९२० च्या दशकातच शोधलेली होती. त्यांचं भिंग रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्याच पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर बसवायचं. फिल्म हातात धरून पाहिली तर माणसं काटकुळी आणि लांबुडकी दिसायची. थिएटरात दाखवताना दुसरं भिंग तेच चित्र पुन्हा दुप्पट रुंद करायचं आणि माणसं मूळ अंगकाठीत यायची.

मैत्रिणींनो, ही युक्ती लक्षात ठेवा. दाबून ठेवायचं आणि दाखवताना पुन्हा उलगडायचं. आज आपल्या टीव्हीवर माणसं कधी जाड तर कधी बारीक दिसतात, त्याचं मूळ इथेच आहे. दाबलं तेवढंच उलगडलं नाही, किंवा मुळात न दाबलेलं उगाच उलगडलं, की आकार बिघडतो.

आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा १९५९ चा 'कागज़ के फूल', छायाचित्रणकार व्ही. के. मूर्ती. योगायोग असा की दिल्लीत छोटा पडदा उजाडला त्याच वर्षी आपला मोठा पडदा रुंद झाला. म्हणजे आता दोन वेगळी मापं समोरासमोर उभी राहिली: घरात १.३३ आणि थिएटरात २.३५.

पुढची कित्येक वर्षं रुंद सिनेमे टीव्हीवर दाखवताना दोनच मार्ग होते. एक म्हणजे पूर्ण रुंदी दाखवायची आणि वर-खाली काळी जागा सोडायची. दुसरा म्हणजे दोन्ही बाजू कापून फक्त मधला तुकडा दाखवायचा. दुसऱ्या मार्गात पडदा भरायचा, पण संवादात समोरासमोर उभी असलेली दोन माणसं असतील तर एकाच्या नाकाशीच चित्र संपायचं. प्रेक्षकांना मात्र भरलेला पडदा आवडायचा. पट्टीबद्दलची आपली नाराजी तेव्हापासूनची आहे.

१६:९ कुठून आलं?

१९८० च्या दशकात नव्या, जास्त रेखीव टीव्हीचं माप ठरवायची वेळ आली. जपानने आधी ५:३ सुचवलं होतं. अमेरिकेतले इंजिनिअर कर्न्स पॉवर्स यांनी एक साधी गोष्ट केली. त्या वेळी वापरात असलेल्या सगळ्या प्रमाणांचे आयत कापले, क्षेत्रफळ सगळ्यांचं सारखं ठेवलं आणि ते मधोमध एकावर एक रचले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोघांचंही प्रमाण १.७७ च्या आसपास निघालं. तेच १६:९.

बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकलेल्यांना भूमितीमध्य आठवत असेल. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा, उत्तर १.७७ येतं. आणखी एक गंमत म्हणजे ४:३ ला ४:३ नेच गुणलं की बरोबर १६:९ मिळतं.

या तडजोडीचा परिणाम पाहा. १६:९ च्या पडद्यावर जुना ४:३ कार्यक्रम लावला तर पडद्याचा पाऊण भाग भरतो आणि पाव भाग बाजूला काळा राहतो. २.३५ चा सिनेमास्कोप लावला तरी साधारण पाऊणच भाग भरतो आणि पाव भाग वर-खाली काळा राहतो. दोन्ही टोकांना सारखाच तोटा. अगदी वाटणीपत्रासारखा चोख हिशेब! काळी पट्टी ही या वाटणीत पहिल्या दिवसापासून धरलेली आहे.

आणि तोटा तरी किती? ४३ इंची टीव्ही साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच असतो. त्यावर ४:३ चं चित्र पट्ट्या सोडून अठ्ठावीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच दिसतं. म्हणजे कर्ण पस्तीस इंच. पूर्वी आपल्या घरी २१ इंची टीव्ही असायचा. त्याच्या तुलनेत हे चित्र क्षेत्रफळाने अडीच पटींहून मोठं आहे. तेच चित्र ताणून पडदा भरला तर नवीन काहीच दिसत नाही. फक्त प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो.

आपल्याकडचा गोंधळ

दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत प्रक्षेपित झाल्या. २०१२ पासून मुंबई-दिल्लीत केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि मग टप्प्याटप्प्याने तो गावोगावी पोचला. नळीचे टीव्ही जाऊन चपटे आले, पण जुने कार्यक्रम तसेच राहिले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं, तेव्हा ४:३ साठी चित्रित केलेली मालिका घरोघरी १६:९ च्या पडद्यावर पाहिली गेली.

त्यात साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिन्यांचं एक वैशिष्ट्य आहे. त्यांचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. भागून पाहा, १.२५ येतं. हे ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. याच एका मापाच्या डब्यात दोन्ही आकारांची चित्रं दाबून भरतात आणि सोबत एक खूण पाठवतात, की उलगडताना कोणत्या आकारात उलगडायचं. ती खूण हरवली, किंवा बॉक्सने एक समजलं आणि टीव्हीने दुसरं, की झाला घोटाळा. म्हणून दुरुस्ती करताना दोन ठिकाणी पाहावं लागतं: बॉक्सच्या सेटिंगमध्ये आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये.

आता दुरुस्ती

आधी खरंच बिघाड आहे का ते तपासा. पडद्यावर गोल वस्तू शोधा. झेंड्यातलं अशोकचक्र, भिंतीवरचं घड्याळ, पूजेची थाळी, काहीही चालेल, फक्त ती समोरून दिसायला हवी. चित्र थांबवून मोजपट्टीने आडवं आणि उभं मोजा. दोन्ही सारखं आलं तर आकार ठीक आहे. चाचणीसाठी टीव्हीवर जी स्थिर चित्रं दाखवत, त्यांत मोठं वर्तुळ असायचं ते याचसाठी.

मग पहिलं काम सेट-टॉप बॉक्सचं. त्याच्या मेनूत टीव्हीचा प्रकार ४:३ की १६:९ असं विचारलेलं असतं. टीव्ही रुंद असेल तर १६:९ ठेवा. त्यानंतर टीव्हीच्या रिमोटवर किंवा चित्राच्या सेटिंगमध्ये 'पिक्चर साइज', 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' किंवा 'वाइड मोड' शोधा. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, काम तेच. तिथे 'ओरिजिनल' किंवा 'ऑटो' असेल तर ते निवडा, नसेल तर १६:९.

त्यानंतरही काही खटकलं तर लक्षणावरून कारण ओळखता येतं.

माणसं जाड दिसतात: ४:३ चं चित्र ताणलं गेलंय. टीव्हीवर ४:३ निवडा. कधी कधी वाहिनीच जुना कार्यक्रम ताणून पाठवते. तेव्हाही टीव्हीवर ४:३ ठेवलं की चित्र पुन्हा मूळ आकारात येतं. एचडी वाहिनीवर किंवा टीव्हीतल्या अ‍ॅपवर काही टीव्ही हा पर्याय देत नाहीत, तिथे आपला इलाज चालत नाही.

माणसं बारीक आणि लांबुडकी दिसतात: रुंद चित्र दाबलेलंच राहिलंय. जुन्या डीव्हीडी प्लेअरवर हे हमखास होतं. प्लेअरमध्ये आणि टीव्हीवर, दोन्हीकडे १६:९ करा.

डोकं आणि पाय कापले जातात: 'झूम' चालू आहे. ४:३ चं चित्र झूम करून रुंद पडदा भरला की उंचीचा चौथा हिस्सा बाहेर जातो. झूम बंद करा.

मधली माणसं ठीक, पण कडेची ताणलेली: हा 'वाइड झूम', 'स्मार्ट' किंवा 'पॅनोरमा' मोड. टीव्ही मध्यभाग तसाच ठेवून फक्त कडा ओढतो. खालून सरकणारी बातम्यांची पट्टी कडेला वेगात आणि मधे हळू जाताना दिसली की समजा हेच आहे.

चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधे लहानसं चित्र: बॉक्सने वर-खाली पट्ट्या जोडल्या आणि टीव्हीने बाजूला. बॉक्स अजून ४:३ वर आहे. तो १६:९ वर आणा.

चारही कडा थोड्या थोड्या कापलेल्या, क्रिकेटचा स्कोअर अर्धा दिसतो: याला ओव्हरस्कॅन म्हणतात. नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून त्या मुद्दाम चौकटीमागे लपवत. नळी गेली, सवय राहिली. 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा 'फुल पिक्सेल' असा पर्याय असेल तो चालू करा.

एक लक्षात ठेवा, बऱ्याच टीव्हींमध्ये हे सेटिंग प्रत्येक जोडणीला वेगळं असतं. बॉक्सचं केलं म्हणून पेन ड्राइव्हचं आपोआप होत नाही.

खरी काळजी कशाची?

सेटिंग चुकलं तर पुन्हा करता येतं. पण घरातल्या जुन्या कॅसेटींचं तसं नसतं. माझ्या नणंदेच्या लग्नाची १९८९ सालची कॅसेट आम्ही एका स्टुडिओतून पेन ड्राइव्हवर करून घेतली. त्यांनी न विचारताच 'फुल स्क्रीन' करून दिली. माझ्या सासूबाई अंगाने अगदी किरकोळ होत्या, उपासांनी आणखीच वाळलेल्या. त्या व्हिडिओत भरल्या गालांची, थोराड अंगाची कुणी वेगळीच बाई नारळ घेऊन उभी दिसत होती. माझ्या नातवंडांनी पणजीला पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी पणजी म्हणजे तो व्हिडिओच. नशिबाने मूळ कॅसेट आम्ही ठेवली होती, ती दुसरीकडे देऊन ४:३ मध्ये पुन्हा करून घेतली. आता त्यांची हनुवटी, ती डोक्यावरून घेतलेल्या पदरातली लहानशी मूर्ती, जशी होती तशी दिसते.

म्हणून सांगते, कॅसेट रूपांतरासाठी देताना चिठ्ठीवर लिहून द्या: "मूळ ४:३ आकारातच हवं, ताणू नये, कापू नये." बाजूला पट्ट्या येतील म्हणून ते लोक समजावतील, तरी ठाम राहा. ताणून साठवलेलं जाणकाराकडून कदाचित पुन्हा सरळ करून घेता येईल, पण कापून टाकलेलं परत येत नाही. काम झाल्यावरही मूळ कॅसेट लगेच टाकू नका. मात्र उशीरही नको. दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी लागते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कॅसेट चालवणारी यंत्रं दरवर्षी कमीच होणार आहेत.

कुणाकडे १९९३ च्या श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाची कॅसेट असेल तर तिलाही हेच लागू. सत्तावन्न फुटांची ती उभी मूर्ती म्हणजे प्रमाणबद्धतेचा आदर्श. ती आडवी ताणलेली पाहवत नाही.

आजच्या पिढीने चौकटच उभी केली आहे. मोबाइल उभा धरून काढलेला ९:१६ चा व्हिडिओ टीव्हीवर लावला तर पडद्याचा जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. मंगलकार्याचं चित्रण टीव्हीवर पाहायचं असेल तर मुलांना मोबाइल आडवा धरायला सांगा. आणि जे उभं काढलं गेलं आहे ते उभंच पाहा, त्याला ओढून रुंद करू नका.

या आठवड्यात एवढं करा. दुपारी निवांत वेळी रिमोट घ्या, बॉक्स १६:९ वर आहे ना ते पाहा, एक गोल वस्तू मोजा. मग कपाटातल्या कॅसेटी बाहेर काढून त्यांच्यावर नाव आणि साल लिहा. पट्ट्या दिसल्या तर दिसू द्यात.

जय जिनेंद्र!